मेश्राम बाईंचा कॅनडा

मेश्राम बाई वॉटर्लूत आल्या त्या वर्षी किंग स्ट्रीट पार उकरून ठेवलेला होता. एलआरटीचे, म्हणजे शहरात चालणाऱ्या छोट्या रेल्वेचे, रूळ टाकायचं काम चाललं होतं, बसचे थांबे आठवड्याला बदलत होते, आणि वर्षभर तिथं राहिलेल्या आम्हीसुद्धा कुठं उतरायचं ते लोकांना विचारत फिरत होतो. बाई मात्र विमानतळावरून तीन बस बदलून, दोन जड बॅगा ओढत, कुणालाही फोन न करता दुपारी अडीच वाजता आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. किरमिजी साडी, पायात कोरे पांढरे बूट, खांद्याला शबनम. मी दार उघडलं. बूट काढता काढताच त्यांनी मला विचारलं, "इथलं पाणी कुठं जाते?"

मला वाटलं, लांबचा प्रवास करून आल्यात, वॉशरूम विचारतायत. मी दाखवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या की ते नाही, पावसाचं पाणी. या रस्त्यावर पडलेला पाऊस कोणत्या नदीला मिळतो आणि ती नदी पुढं कुठं जाते? मी दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनीच सांगितलं, की इथून पूर्वेला ग्रँड रिव्हर आहे आणि ती दक्षिणेला जाऊन लेक ईरीला मिळते. मी विचारलं, माहीत होतं तर विचारलं कशाला? "तुला माहीत आहे का ते पाहून राहिले होते," त्या म्हणाल्या.

पुढची दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात होते असंच म्हणायला हवं.

तसं पाहिलं तर आम्ही तिघीही विद्यार्थिनीच. मी वसईची प्रिसिला, पब्लिक हेल्थ शिकायला आलेली. दुसरी लुधियानाची गुरलीन, कम्प्युटर सायन्सवाली. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आम्ही वाटून घेतलेल्या, किचन एक. तिसऱ्या खोलीतली मुलगी नोकरी लागून बर्नाबीला गेली म्हणून आम्ही जाहिरात टाकली, आणि सुनंदा मेश्राम नावाच्या विद्यार्थिनीचा ईमेल आला. ही विद्यार्थिनी सत्तेचाळीस वर्षांची असेल असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं.

बाई भंडारा जिल्ह्यातल्या, पवनीच्या बाजूच्या. तिथल्या एका शाळेत तेवीस वर्षं भूगोल शिकवलेला. नवरा पोस्टात, मुलगी नागपूरला कॉलेजात. शाळेच्या नोकरीत राहूनच त्यांनी एम.ए. केलं होतं, आणि मग घरी कुणाला न सांगता इथल्या भूगोल विभागाला अर्ज केला होता. विभागाने जागा दिली, शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं टीएचं, म्हणजे मदतनीस शिक्षिकेचं, काम दिलं. मुख्याध्यापकांनी दोन वर्षांची बिनपगारी रजा मंजूर करताना म्हटलं होतं, की बाई, या वयात लोक गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतात. बाईंनी उत्तर दिलं होतं, की गुडघे अजून चांगले आहेत तोवरच जाऊन येते.

त्यांच्या हट्टाचं कारण साधं होतं. आठवीला उत्तर अमेरिका. दरवर्षी जानेवारीत त्या मुलांना प्रेअरी शिकवायच्या, तैगा शिकवायच्या, सडबरीचं निकेल आणि पंचमहासरोवरं शिकवायच्या. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोरीने विचारलं, बाई तुम्ही पाहिलं आहे का हे? बाई नाही म्हणाल्या. ती पोरगी "बरं" म्हणाली आणि लिहायला लागली. तो "बरं" आपल्याला लागला, असं बाई सांगायच्या.

त्यांच्या सवयी आम्हाला पहिल्या महिन्यातच पाठ झाल्या. पहाटे पाचला उठणं, सहाला किचनमधून मोहरी तडतडल्याचा आवाज, साडेसहाला दप्तर भरून तयार. दप्तर म्हणजे अक्षरशः दप्तर. वह्यांना खाकी कव्हरं आणि वर नाव-वर्ग-विषयाची चिठ्ठी. वर्ग या रकान्यात त्यांनी "एम.ए. (दुसऱ्यांदा)" असं लिहिलं होतं. थंडी पडायला लागली तेव्हा जुन्या कपड्यांच्या दुकानातून त्यांनी एक जाकीट आणलं, शिकारी घालतात तसलं, भडक नारिंगी, पुरुषी मापाचं. गुरलीनने चाचरत सांगितलं की हे जंगलात घालायचं असतं, म्हणजे माणसाला हरीण समजून कुणी गोळी मारू नये. बाईंना ते फारच पटलं. त्या म्हणाल्या, मग तर रस्ता ओलांडायला उत्तम. दोन हिवाळे ते नारिंगी जाकीट आणि खाली साडीचा काठ कॅम्पसवर कुठूनही दिसायचा.

आणि शेरे. प्रगतिपुस्तकातले शेरे बाई कशालाही द्यायच्या. गुरलीनच्या पराठ्यांना "प्रगती समाधानकारक." माझ्या सोलकढीला "चांगली आहे, अजून प्रयत्न हवा." नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा आम्ही दोघी फोटो काढत होतो आणि बाई खिडकीत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "हस्ताक्षर सुंदर."

त्यांचा पहिला वर्ग मी पाहिला, तोही योगायोगाने. डबा घरी विसरल्या होत्या, तो द्यायला गेले होते. दाराच्या काचेतून आत पाहिलं तर वीस-बावीस मुलं, अठरा-एकोणीस वर्षांची, खुर्च्यांत सांडल्यासारखी बसलेली. बाईंचं इंग्रजी बरोबर असायचं, पण उच्चार पवनीचे. मुलं एकमेकांकडे बघत होती. मागे दोघं फोनमध्ये. बाई बोलायच्या थांबल्या. त्या इमारतीत एका भिंतीला अजून जुना काळा फळा होता. त्यांनी शबनममधून खडू काढला. घरून आणलेला, पेटीतला. आणि मुलांकडे पाठ करून फळ्यावर कॅनडा काढायला लागल्या.

डावीकडून सुरुवात केली. व्हँकुव्हरचा किनारा, तिथून वर युकॉन, उत्तरेची सगळी तुटक बेटं एकामागून एक, मग हडसन बेचं पोट, त्याच्या तळाशी जेम्स बेचा छोटा खिसा, लॅब्राडॉरचं टोक, न्यूफाउंडलंड, सेंट लॉरेन्सचं मुख, पाचही सरोवरं, आणि शेवटी पश्चिमेपर्यंत एकोणपन्नास अक्षांशाची सरळ रेघ, पट्टी न लावता. खडू एकदाही उचलून मागे पाहिलं नाही. दोन-तीन मिनिटंही लागली नसतील. मी बाहेर डबा धरून उभी होते आणि आतला आवाज बंद झालेला मला काचेपलीकडून कळला.

मग त्यांनी खडू पुढं धरला आणि एकेकाने येऊन आपापलं गाव दाखवायला सांगितलं. बहुतेकांना जमेना. ओंटारियोच्या मुलांनी आपली गावं सरोवरात बुडवली. एक केटी नावाची मुलगी आली, तिने बरोबर सस्कॅचवानमध्ये ठिपका दिला. बाई खुश झाल्या आणि म्हणाल्या, प्रेअरी, जगाचं गव्हाचं कोठार. केटी म्हणाली की तिचे आजोबा हल्ली गहू थोडाच लावतात, त्यांच्या शेतात मसूर असतो.

बाईंनी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. घरी आल्यावर माझ्याकडून डबा घेताना पहिलं हेच सांगितलं, की प्रिसिला, प्रेअरीत मसूर आहे. मला त्यात विशेष काय ते कळलं नाही.

मुलांना बाई आवडल्या, पण त्यांचा स्वतःचा अभ्यास बुडाला. एक विषय होता कम्प्युटरवर नकाशे करण्याचा आणि दुसरा संख्याशास्त्राचा. बाईंनी आयुष्यात कम्प्युटर वापरला होता तो निकालपत्रकं भरायला. डिसेंबरात दोन्ही विषयांत गुण कमी आले आणि विभागाचं पत्र आलं, की पुढच्या सत्रात सुधारणा झाली नाही तर प्रवेश रद्द होईल. त्यांनी ते पत्र किचनच्या टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. मी म्हटलं, होईल सगळं नीट. त्या म्हणाल्या, "नापास होऊन गेले तर नववी ब समोर उभी कशी राहू, सांग बरं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरलीनकडे शिकवणी मागितली. गुरलीन तेवीस वर्षांची, बडबडी, अजिबात धीर नसलेली. रोज संध्याकाळी पाच ते सहा ठरलं. पाचला गुरलीन किचनमध्ये आली की बाई उठून उभ्या राहायच्या आणि तासभर तिला "गुरलीन मॅडम" म्हणायच्या. गुरलीन लाजून अर्धी व्हायची. बाई प्रत्येक कमांड वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायच्या, गुरलीन डोकं धरायची, सांगायची की आंटी, हे लिहायचं नसतं, करायचं असतं. जानेवारीत एकदा तिचा तोल गेला. तेच ते तिसऱ्यांदा चुकलं होतं. ती ओरडली, की इतकी सोपी गोष्ट डोक्यात कशी जात नाही.

मी भांडी घासत होते, नळ बंद केला. बाई म्हणाल्या, हिंदीत, अगदी सावकाश, "हेच वाक्य मी तेवीस वर्षं पोरांना म्हणत आले. ते ऐकताना कसं वाटतं, ते आज समजलं." आणि मग पुढं म्हणाल्या, "चला मॅडम, चौथ्यांदा."

गुरलीन रडली. बाई रडल्या नाहीत, त्यांनी चौथ्यांदाही चूक केली. पाचव्यांदा पडद्यावर वैनगंगेचं खोरं उमटलं, निळ्या शिरांसकट. बाईंनी त्यात आपलं गाव शोधलं, शाळेचं पत्र्याचं छप्पर शोधलं, आणि आम्हाला दोघींना त्यावर बोट ठेवायला लावलं.

एप्रिलपर्यंत गाडी रुळावर आली. त्याच महिन्यात टोरँटोच्या बाजूला आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता, तिथं बाईंना बोलायला बोलावलं. मीही गेले. हॉलमध्ये बँकांत, हॉस्पिटलांत, सॉफ्टवेअरमध्ये नोकऱ्या करणारी मंडळी सहकुटुंब आलेली. मागे मुलं इंग्रजीत धिंगाणा घालत होती. बाईंनी भाषणाचा कागद घडी करून ठेवला आणि सगळ्या मुलांना पुढं बोलावलं. बाबासाहेब शिकायला कुठून कुठं गेले ते जमिनीवर बसवून शिकवलं. एक पोरगा मुंबई झाला, एक मुलगी न्यूयॉर्क, एक लंडन, आणि मधल्या समुद्रात चार धाकटी मुलं लाटा म्हणून बसवली. बोट झालेल्या मुलीला बाई मराठीत विचारायच्या, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, पण रस्ता एकदाही चुकली नाही. तिची आई माझ्या शेजारी बसून डोळे पुसत होती. निकाल लागला तेव्हा बाई दोन्ही विषयांत व्यवस्थित पास झाल्या होत्या. गुरलीनला त्यांनी साडी दिली, जी नेसायची कशी ते तिला अजून येत नाही.

आणि मग उन्हाळ्यात त्यांनी केटीला मसुराची आठवण करून दिली, आणि तिने आजोबांच्या शेतावर यायचं आमंत्रण दिलं.

ऑगस्टमध्ये बाई आणि मी टोरँटोहून पश्चिमेला जाणाऱ्या गाडीत बसलो. माझं काम इतकंच होतं, की बाईंना गाडीत बसल्या जागी बसवून ठेवायचं, आणि ते मला जमलं नाही. दोन दिवस त्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात, डावीकडच्या खिडकीतून उजवीकडच्या खिडकीत करत होत्या. उत्तर ओंटारियोत दिवसभर खडक, पाणी, झाडं, पुन्हा खडक. मला कंटाळा आला. बाई म्हणायच्या, मी पोरांना सांगत होते की इथं असंख्य सरोवरं आहेत. असंख्य हा शब्द मी फुकट वापरला, प्रिसिला, आत्ता कुठं समजून राहिला. विनिपेगनंतर जमीन सपाट झाली तेव्हा त्यांनी चप्पल काढली आणि पाय सीटवर घेऊन चार तास नुसतं बघत बसल्या.

सस्कटूनला केटी गाडी घेऊन आली. तिथून तासाभरावर तिच्या आजोबांचं शेत. आजोबांचं नाव ग्लेन, उंच, कमी बोलणारे. आजी डोरीन, तितक्याच जास्त बोलणाऱ्या. चहा वगैरे राहू द्या, बाई थेट शेतात गेल्या. गुडघ्याखाली येईल एवढं, बदामी पडलेलं पीक, आणि ते कुठवर ते दिसेना. बाईंनी वाकून एक शेंग तोडली, नखाने फोडली, दाणा दाताखाली धरला. त्यांच्या वडिलांच्या शेतात धान निघाल्यावर लाखोरीची डाळ पेरायचे, तिची शेंग अशीच, असं त्या म्हणाल्या. मग तो दाणा चावून तळहातावर घेतला. वरून तपकिरी, आत केशरी.

त्यांनी ग्लेनना विचारलं, हा सगळा जातो कुठं? ग्लेन म्हणाले, तुमच्याकडे. इंडियात, तुर्कस्तानात, आणखी कुठं कुठं. बाईंनी विचारलं, आणि तुम्ही कसा खाता? ग्लेननी टोपी मागे सारली. ते म्हणाले की वीस वर्षं लावतो आहे, पण खाल्ला कधीच नाही. डोरीन म्हणाल्या, मी एकदा सूपमध्ये टाकला होता, तेव्हा त्यांना तो जनावरांचा खुराक वाटला.

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या डिग्रीच्या दिवशीही पाहिलं नाही. त्या मराठीत म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात येऊन गेलेला माणूस आहे हा. आणि याला माहीत नाही."

मग डोरीनचं किचन बाईंच्या ताब्यात गेलं. गोदामातून ग्लेननी वाटीभर मागितलेला मसूर बादलीभर आणला. मोहरी, जिरं, हळद आणि तिखट बाईंच्या शबनममध्ये एका डबीत असायचंच. कांदा-लसूण डोरीनचा. कढीपत्ता नव्हता, त्याबद्दल बाईंनी दोनदा माफी मागितली. फोडणी बसली आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. ग्लेन बाहेरून धावत आले, केटी टॉवेल हलवत खुर्चीवर चढली, आणि बाई शांतपणे पळी हलवत त्यांना सांगत होत्या, की फोडणी बरोबर झाली की असं होतं.

ग्लेननी पहिला चमचा फार सावधपणे घेतला. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी वाटी संपवली, स्वतः उठून दुसरी घेतली, ब्रेडने पुसून खाल्ली, मग तिसरी. शेवटी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि डोरीनला म्हणाले, "वीस वर्षं आपण हे दुसऱ्यांना देत होतो." डोरीननी पाककृती लिहून घेतली. बाईंनी सगळं इंग्रजीत सांगितलं, पण फोडणीला त्यांना शब्द सापडेना, तेव्हा डोरीनच्या वहीत "फोडणी" हाच शब्द रोमन अक्षरांत गेला आणि पुढं कंसात, स्मोक अलार्म.

परतीच्या गाडीत बाईंनी शाळेला पत्र लिहिलं. मुख्याध्यापकांना आणि सर्व वर्गांना. प्रेअरी हे गव्हाचं कोठार आहे हे खरं, पण अर्धंच खरं, तुमच्या घरच्या डाळीचा डबा उघडा म्हणजे उरलेली प्रेअरी दिसेल, असं काहीतरी त्यात होतं.

दुसरं पत्र ऑक्टोबरात लिहिलं, आणि ते इतकं सोपं नव्हतं. त्या महिन्यातल्या छोट्या सुट्टीत बाई एकट्याच न्यूफाउंडलंडला गेल्या होत्या. ग्रँड बँक्स, जगातलं सर्वांत समृद्ध मासेमारी क्षेत्र. हे वाक्य त्यांनी तेवीस वर्षं लिहून दिलं होतं, पाठ करून घेतलं होतं, त्यावर रिकाम्या जागा भरायला दिल्या होत्या. तिथं एका छोट्या गावात त्या धक्क्यावर गेल्या तर धक्का रिकामा. एक म्हातारा बसला होता, त्याला विचारलं की बोटी कधी येतात. तो म्हणाला, कॉडची मासेमारी सरकारने कधीच बंद केली, समुद्रात मासाच उरला नव्हता. गावातली निम्मी माणसं कामासाठी पश्चिमेला गेली, त्याचे दोन्ही मुलगेही. बाईंनी वर्ष विचारलं. त्या नोकरीला लागल्या तेच वर्ष निघालं.

हे त्यांनी आम्हाला आल्यावर किचनमध्ये सांगितलं. म्हातारा त्यांना घरी घेऊन गेला होता, चहा दिला होता, पोरांचे फोटो दाखवले होते. "मी फळ्यापुढं पहिल्यांदा उभी राहिले त्याच्या आधीच ते संपलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि मी एवढ्या साऱ्या पोरांना ते जिवंत म्हणून शिकवलं."

त्या पत्रात त्यांनी माफी मागितली होती. मी ते वाचलं. भाषा साधी होती. म्हाताऱ्याचं नाव होतं, त्याच्या मुलांची नावं होती, आणि मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, असं स्पष्ट लिहिलं होतं. ते पत्र मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं. महिनाभराने बाईंच्या यजमानांनी मुलांच्या उत्तरांचा जाडजूड गठ्ठा पाठवला, पोस्टातला माणूस असल्यामुळे अगदी चोख बांधून. बाई एकेक पत्र वाचत होत्या, हसत होत्या, शुद्धलेखन तपासत होत्या. मग एका पत्रावर थांबल्या आणि ते माझ्याकडे दिलं. नववीतल्या एका मुलीचं होतं. सगळं कुशल विचारून शेवटी लिहिलं होतं, "बाई, मग परीक्षेत काय लिहायचं?"

बाई ते पत्र घेऊन आपल्या प्रोफेसरबाईंकडे गेल्या. तोवर त्यांच्या प्रबंधाचा विषय ठरत नव्हता, दोन विषय फेटाळले गेले होते. प्रोफेसरबाईंनी पत्राचं भाषांतर ऐकलं आणि म्हणाल्या की हाच तुमचा विषय. शाळेचं पुस्तक आणि खरी जागा यांच्यात किती वर्षांचं अंतर असतं, आणि मधल्या काळात शिक्षकाने काय करायचं. बाईंनी पुढचे सहा महिने त्यावर काम केलं. इथल्या शाळांतली भारतावरची पुस्तकंही वाचली. त्यांतला भारत वाचून आम्ही तिघी पोट धरून हसलो, आणि बाई म्हणाल्या, चला, म्हणजे फिट्टंफाट आहे.

जूनमध्ये प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. बाई पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या. मी आणि गुरलीन मागच्या रांगेत, केटीही आलेली. प्रश्न कठीण होते, पण बाई उभ्या राहून, हात मागे बांधून, वर्गात विचारलं तर उत्तर द्यावं तशी उत्तरं देत होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी चष्म्यावरून बघत विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण त्या मुलीला तुम्ही काय उत्तर दिलंत?

बाई म्हणाल्या, "मी तिला लिहिलं, परीक्षेत पुस्तकातलं लिही. मग एक ओळ सोड, आणि खाली खरं काय ते लिही. त्याचे मार्क मिळणार नाहीत. पण तपासणारा ते वाचेल."

परीक्षकांनी ते वाक्य लिहून घेतलं. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, आणि दहा मिनिटांनी बोलावून बाईंशी हात मिळवला. गुरलीनने कॉरिडॉरमध्ये भांगड्याची दोन पावलं टाकली. बाईंनी तिला आधी गप्प केलं, मग स्वतःच हसायला लागल्या.

जुलैत त्यांची परतीची फ्लाइट होती, रात्रीची, टोरँटोहून. गुरलीनने गाडी भाड्याने घेतली. दुपार मोकळी होती तेव्हा बाई म्हणाल्या, वेलंड कालवा राहिला. ईरी आणि ओंटारियो या दोन सरोवरांच्या मधला तो कालवा, जिथं जहाजं पाण्याने उचलून वरच्या सरोवरात नेतात. बॅगा डिकीत टाकून आम्ही तिकडं गेलो. लॉकच्या, म्हणजे जहाज उचलणाऱ्या त्या दरवाजांच्या हौदाच्या, बाजूला बघणाऱ्यांसाठी कठडा आहे. आम्ही पोचलो तेव्हा एक मोठं जहाज नुकतंच आत शिरलं होतं, मागचे दरवाजे बंद होत होते. जहाजाचा डेक आमच्यापेक्षा बराच खाली होता.

डेकवर एक खलाशी दोर आवरत होता. सावळा, पन्नाशीचा. बाईंनी कठड्यावरून वाकून हिंदीत विचारलं, कुठले? तो वर बघून म्हणाला, इंडिया, रत्नागिरी. बाईंनी लगेच मराठी धरली. रत्नागिरीत कुठं? तो दोर सोडून सरळ उभा राहिला. गावाचं नाव सांगितलं, बाईंना ते कोणत्या खाडीवर आहे तेही माहीत होतं. मग दोघांचं सुरूच झालं. किती महिन्यांनी घरी जाणार, मुलं काय करतात, जहाजात जेवायला काय मिळतं. तो म्हणाला, सात महिने झाले, जहाजावर मराठी बोलायला कुणी नाही.

पाणी भरत होतं. मान वाकवून बोलणाऱ्या बाई हळूहळू सरळ झाल्या. काही वेळ तो खलाशी आणि त्या समोरासमोर होते, मध्ये फक्त कठडा आणि थोडं पाणी. मग तो वर जायला लागला आणि बाई मान वर करून बोलू लागल्या. तो मुलीच्या बारावीबद्दल सांगत होता, बाई तिला काय शिकवायला हवं ते सांगत होत्या. पुढचे दरवाजे उघडले. भोंगा वाजला. जहाज सरकायला लागलं.

मी गाडीजवळ उभी राहून हाक मारत होते, फ्लाइटची वेळ सांगत होते. विमानतळावरची आमची गडबड, मिठ्या, वजनकाट्यावर उघडलेली बॅग, यातलं मला आता फारसं आठवत नाही. मला दिसतं ते हेच. जहाज हळूहळू पुढं चाललं आहे, वर डेकवर तो माणूस कठड्याला धरून चालतो आहे, आणि खाली बाई, साडीचा काठ एका हाताने उचलून, त्याच्या वेगाने त्याच्याबरोबर चालल्या आहेत, मान वर, बोलत बोलत. कुंपण संपलं तिथं त्या थांबल्या, आणि तरी त्यांचं बोलणं चालूच होतं.